डाख आणि दाब

झाशीहून कानपूरकडे निघालेली गाडी परीछा आणि चिरगाव मागे टाकते आणि थोड्या वेळाने मोठ नावाचं स्टेशन येतं. नाव मोठ आणि स्टेशन लहान, म्हणून आमच्या तुकडीतली मराठी पोरं दर वेळी हसायची. मोठहून एक रस्ता समथरला जातो. एका अंगाला पहूज नदी, दुसऱ्या अंगाला बेतवा, आणि मधे सपाट रान. मे महिन्यात या रानात सावली म्हणून काही उरत नाही. समथरचा किल्ला मात्र दुरूनच दिसतो.

झाशीच्या पोस्टिंगवर आलेला मराठी माणूस राणीचा किल्ला बघतो, ओरछा बघतो, दतियाचा महाल बघतो. समथरला सहसा कोणी जात नाही. मीही फौजेने नेलं म्हणून गेलो. खरं तर या गावाचं आपल्याशी जुनं नातं आहे. इथले राजे गुर्जर घराण्यातले. त्यांचे पूर्वज दतियाच्या चाकरीत होते, आणि समथरचा किल्ला त्यांच्याकडे राखायला दिलेला होता. बुंदेलखंडात मराठ्यांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, त्या धामधुमीत हे घराणं स्वतंत्र झालं आणि रणजितसिंहाला ‘राजा’ हा किताब मराठ्यांनी दिला. पुढे १८१७ साली, म्हणजे खडकीची लढाई झाली त्याच वर्षी, समथरने इंग्रजांशी तह केला. १७८ चौरस मैलांचं संस्थान आणि ११ तोफांची सलामी.

मला समथर आठवतं ते मात्र किल्ल्यामुळे नाही. तिथे माझ्या हातची एक तार तुटली होती, त्यामुळे आठवतं. आजचा लेख त्या तारेचा आहे आणि तारा जोडण्याच्या इतिहासाचा आहे. विषय रुक्ष वाटेल, पण ज्यांनी फौजेत गाड्या, जनरेटर आणि वायरलेस सांभाळले आहेत त्यांना कळेल की या विषयात माणसाचा जीव अडकू शकतो.

१९९४ चा मे महिना. मी ई.एम.ई.चा नायक, इलेक्ट्रिशियन, एका युनिटच्या एल.ए.डी.त. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, एल.ए.डी. म्हणजे युनिटच्या गाड्या आणि यंत्रं जागच्या जागी दुरुस्त करणारी आमच्या कोअरची छोटी टोळी. एक्सरसाइजवर निघालो होतो. दुपारी दोनच्या सुमारास समथरच्या अलीकडे ताफा थांबला. तेवढ्यात एका गाडीतून हाक आली. वीस-एकवीस वर्षांचा एक जवान बरळत होता, अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. नर्सिंग असिस्टंटने बघताच ओळखलं, ऊन लागलंय. कपडे सैल केले, ओल्या चादरी टाकल्या, दोघे जण वारा घालू लागले. ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर मागच्या ठाण्यावर. वायरलेसवरून बोलवायचं एवढंच काम होतं.

वायरलेसचा सेट एका शक्तिमान गाडीत. ऑपरेटरने बोलायला बटण दाबलं आणि सेट मेला. सोडलं की दिवा परत लागतो, दाबलं की विझतो. मी धावत गेलो. बॅटरीवर मीटर लावला, चोवीस व्होल्ट. सेटच्या टोकावर लावला, तिथेही चोवीस. फ्यूज शाबूत. सगळं ठीक, आणि बटण दाबलं की शून्य. ओ.सी. साहेबांनी डोक्यावर उभं राहून एकदाच विचारलं, “किती वेळ?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी मोटरसायकलवर माणूस पिटाळला.

चाळीस मिनिटं गेली. शेवटी वैतागून मी बॅटरीकडून येणारी जाड केबल हातात धरून वाकवली. लग बोल्टला घट्ट होता. लगमधला जोडही घट्ट होता. पण जोडाच्या पुढे, काळ्या स्लीव्हच्या आत, तांब्याच्या जवळजवळ सगळ्या बारीक तारा तुटल्या होत्या. दोन-चार काड्या एकमेकींना टेकून होत्या. मीटरला नावापुरता करंट लागतो, तेवढा त्या काड्यांतून जायचा आणि काटा चोवीस दाखवायचा. सेटने खरा करंट मागितला की खेळ खलास.

तो लग आठवड्यापूर्वी मीच बसवला होता. आणि नुसता बसवला नव्हता. हत्याराने व्यवस्थित क्रिम्प करून झाल्यावर मला वाटलं, अजून पक्का करू. इस्त्री तापवली आणि वरून डाख सोडला. चकचकीत भरला. मनात म्हटलं, आता हत्तीने ओढला तरी निघणार नाही. आणि खरंच निघाला नाही.

मोटरसायकलवाल्याने काम केलं. ॲम्ब्युलन्स आली, जवान वाचला, महिन्याभराने ड्युटीवर परतला. संध्याकाळी आमच्या सुभेदार साहेबांनी तो लग हातात घेतला, उजेडात फिरवला आणि मला एवढंच म्हणाले, “जोड़ नहीं टूटा, बेटा. जोड़ के बाद टूटा है.” रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या एका वाक्याने मला पुढची अनेक वर्षं कामाला लावलं. जोड मजबूत असताना तार का तुटते? आणि मजबूत करण्यासाठी मी जे जास्तीचं केलं, त्यानेच ती तुटली का?

मुळापासून सुरुवात करतो. डाख देणं, म्हणजे ज्याला आपण सोल्डरिंग म्हणतो, ही विद्या विजेच्या कितीतरी आधीची. रोमन लोक शिशाचे नळ कथील-शिशाच्या मिश्रणाने जोडत, आणि पहिल्या शतकातल्या प्लिनीने त्या मिश्रणाचं प्रमाणही लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे तर हे दाराशी यायचं. माझ्या लहानपणी कल्हईवाला पारावर भाता लावायचा. पितळेचं पातेलं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, धुराचा लोट उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाने सर्रकन फिरवायचं. पातेलं आतून चांदीसारखं. नवसागर धातूवरचा मळ, म्हणजे ऑक्साइडचा थर, खाऊन टाकतो, तेव्हाच कथील धातूला धरतं. रेडिओ दुरुस्त करणारा नवसागराऐवजी राळ वापरतो, कारण नवसागराचा अंश मागे राहिला तर बारीक तार गंजते. बाकी तत्त्व तेच.

या मिश्रणाची एक गंमत आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं की ते १८३ अंशांनाच पाणी होतं. दोघांपेक्षाही कमी. म्हणून तर साध्या इस्त्रीने घरबसल्या डाख देता येतो.

वीज आली आणि या जुन्या विद्येला नवं काम मिळालं. हिंदुस्थानात तारेचे पहिले प्रयोग १८३९ साली कलकत्त्याजवळ विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने केले. पुढे त्याच्याच देखरेखीखाली २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्याला पहिला संदेश गेला, आणि १८५५ च्या फेब्रुवारीपासून तार सर्वांसाठी खुली झाली. आग्र्याहून मुंबईकडे येणारी तार ग्वाल्हेर-इंदूरच्या वाटेने होती. झाशी आणि समथरचा मुलूख त्या वाटेपासून बाजूला पडला होता.

तारेच्या तुटण्याला किती किंमत असते हे तीन वर्षांत दिसलं. १० मे १८५७ रोजी मेरठची तार मुकी झाली. ११ मेच्या सकाळी दिल्ली तार ऑफिसचा प्रमुख चार्ल्स टॉड बिघाड शोधायला यमुनेच्या बाजूला गेला आणि मारला गेला. ऑफिसात राहिलेल्या पोरांनी अंबाल्याला खबर दिली, कारण ती तार अजून शाबूत होती. एक तार तुटलेली आणि एक जुळलेली, त्यावर पुढचा इतिहास ठरला. ज्या बाजूने लढणाऱ्यांना आपण आपले मानतो, त्यांच्या विरुद्ध ठरला, हे वेगळं सांगायला नको.

झाशीच्या वेढ्यात मात्र तार नव्हतीच. वेढा घातलेल्या ह्यू रोझने टेकडीवर निशाणांनी खुणा करणारं ठाणं बसवलं होतं, आणि १८५८ च्या मार्चअखेर तात्या टोप्यांची फौज येत असल्याची खबर त्याला त्या निशाणांवरून मिळाली. त्याच वेढ्यात आपले वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात अडकलेले होते. ‘माझा प्रवास’ वाचलेल्यांना आठवेल. एप्रिलच्या सुरुवातीला राणीसाहेब रात्री किल्ल्यातून निघाल्या आणि भांडेरवरून काल्पीकडे गेल्या. भांडेर समथरपासून लांब नाही. ७ मेला जवळच्याच कोंच गावी लढाई झाली, तेव्हा गोऱ्या फौजेतले कितीतरी ऊन लागून पडले, खुद्द रोझलाही ऊन लागलं. आमचा जवान पडला तोही मे महिन्यात आणि त्याच मुलखात. तेव्हापासून मी कोंचची लढाई वाचतो तेव्हा तोफांआधी मला ऊन दिसतं.

बंडानंतर तारेचं जाळं झपाट्याने वाढलं. १८८० च्या दशकात झाशी-कानपूर रेल्वे झाली, तिच्या कडेने खांब आले. हजारो मैल लोखंडी तार म्हणजे अगणित जोड. नुसती पीळ दिलेली लोखंडी तार पावसाळ्यात गंजते. दोन तारांच्या मधे गंजाचा पडदा येतो आणि दर जोडाला थोडा थोडा अडथळा वाढत जातो. शंभर जोडांनंतर संदेश क्षीण होतो. यावर उपाय म्हणून जो जोड रूढ झाला त्याचं नाव ब्रिटानिया जॉइंट. दोन्ही तारांची टोकं शेजारी शेजारी ठेवायची, शेवट थोडे वाकवायचे, वरून बारीक तारेने गच्च बांधायचं आणि मग सगळ्यावर डाख भरायचा. अमेरिकेत तिथल्या तार कंपनीच्या नावाने वेस्टर्न युनियन जॉइंट रूढ झाला, त्यात तारा एकमेकींवर आवळून गुंडाळतात.

आय.टी.आय.तून इलेक्ट्रिशियन झालेल्या कोणालाही ही नावं विचारा. ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन, मॅरिड जॉइंट, रॅट टेल. मॅरिड जॉइंट शिकवताना आमचे सर दर वर्षी तोच विनोद करत, आणि आम्ही दर वर्षीच्या पोरांसारखे हसत असू. तारखात्याची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तिचे जोड अजून आपल्या पोरांच्या हातात आहेत.

आता त्या ब्रिटानिया जॉइंटकडे नीट बघा. ओढ कोण सोसतं? वाकवलेली टोकं आणि वरची बांधणी. डाखाचं मुख्य काम हवा आणि पाणी आत न येऊ देणं आणि विजेची वाट अखंड ठेवणं. म्हणजे जुन्या लोकांनी ताकदीसाठी डाखावर भरवसा ठेवलाच नव्हता. फौजेतली फील्ड केबलही याच शहाणपणाची. १५ फेब्रुवारी १९११ ला फतेहगढला सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या, तो सिग्नल्स कोअरचा जन्मदिवस. सिग्नलवाल्यांना केबल जोडायला शिकवतात तेव्हा आधी रीफ नॉट मारायला लावतात. गाठ ओढ सोसते, तिच्या पुढची उघडी तार बांधून टेप मारतात, ती वीज नेते. ओढीचं काम वेगळं आणि विजेचं काम वेगळं. मी माझ्या शहाणपणात हे दोन्ही एकाच डाखावर सोपवलं होतं.

खांबावरची तार जागची हलत नाही. तिचा शत्रू गंज. त्यामुळे तिथे डाख शोभला. पण विसाव्या शतकात तारा गाडीत बसल्या, जहाजात बसल्या, विमानात बसल्या. आता शत्रू बदलला. इंजिनाची थरथर मिनिटाला हजारो वेळा तार हलवते. म्हणून अशा ठिकाणी एक जाड तार न वापरता अनेक बारीक तारांची केबल वापरतात. ती लवते, थरथर वाटून घेते. अशा केबलला डाख दिला की काय होतं? पातळ झालेला डाख दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा बारीक तारांच्या मधल्या फटींतून इन्सुलेशनखाली चढत जातो आणि गोठतो. लवचीक केबलचा तेवढा तुकडा सळई होतो. सळई जिथे संपते आणि केबल जिथे सुरू होते, त्या एका रेषेवर सगळं वाकणं एकवटतं. तार पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकवून हाताने तोडतो ना आपण, तेच काम थरथर करते. जोड टिकतो आणि जोडाच्या पुढे तार तुटते. शिवाय तुटते इन्सुलेशनच्या आत, डोळ्याआड. सुभेदार साहेबांनी उजेडात धरून हेच बघितलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. एकेका बॉम्बर विमानात हजारो जोड, आणि अशी विमानं हजारोंनी हवी. इतक्या डाखांसाठी हात बसलेले कारागीर आणायचे कुठून? डाखाची एक वाईट खोड म्हणजे थंड डाख. तार पुरेशी तापली नसेल तर डाख वर बसतो, आत धरत नाही, आणि वरून बघून ते नेहमी कळतंच असं नाही. १९४१ साली अमेरिकेत यूनकस व्हिटेकर नावाच्या इंजिनियरने ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. नावातच विमान आणि जहाज. पुढे ती आद्याक्षरांनी ‘ॲम्प’ म्हणून जगभर ओळखली गेली. तिचा माल एकच, डाखाशिवाय बसणारे लग, म्हणजे तार नळीत घालायची आणि हत्याराने नळी दाबायची. त्यातच १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले. जगातल्या कथलाचा मोठा वाटा तिथून येई. दोस्त राष्ट्रांत कथील जपून वापरण्याची धडपड सुरू झाली. ज्या कामाला कथील लागत नाही ते काम आपोआप प्यारं झालं.

आपल्या या मुलखातही त्या युद्धाची सावली होती. १९४३ मध्ये विंगेटच्या चिंडिट्सचा सराव ग्वाल्हेर, झाशी, सागर या पट्ट्यातल्या रानात झाला. ब्रह्मदेशाच्या जंगलात त्यांचं अन्न आणि दारूगोळा विमानातून पडे, आणि विमान बोलवायचा वायरलेस खेचराच्या पाठीवर असे. खेचर चढतं, घसरतं, नदीत उतरतं. त्या पाठीवरच्या एकेका जोडावर अख्ख्या तुकडीची भाकरी लटकलेली. त्याच १९४३ मध्ये आमची कोअर उभी राहिली. १५ ऑक्टोबर हा आमचा कोअर दिवस. फौज यंत्रावर बसली, तेव्हा यंत्र सांभाळणारे वेगळे लागले.

आता दाबल्याने नेमकं होतं काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना क्रिम्प म्हणजे पक्कडीने चेपणं वाटतं. नळी आणि आतल्या तारा योग्य मापाच्या साच्यात योग्य जोराने दाबल्या की तांबं मऊ मातीसारखं सरकतं. गोल तारांच्या मधली पोकळी नाहीशी होते, त्या एकमेकींत बसून मधमाशीच्या पोळ्यासारख्या दिसू लागतात. सरकताना त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर घासून फुटतो आणि धातू धातूला भिडतो. मधे हवा शिरायला जागाच उरत नाही, म्हणून आत गंज येत नाही. नवसागर आणि राळ जे काम रसायनाने करतात, ते इथे जोराने होतं. गाड्यांतल्या बऱ्याच लगांना दोन पकडी असतात. एक उघड्या तांब्याला धरते, दुसरी मागे इन्सुलेशनला धरते. पहिली विजेसाठी, दुसरी ओढीसाठी आणि थरथरीसाठी. रीफ नॉटचीच अक्कल, नव्या रूपात.

सगळ्यात मोठा फरक हत्यारात आहे. चांगल्या क्रिम्पिंग टूलला रॅचेट असतं. एकदा दाबायला सुरुवात केली की पूर्ण दाब होईपर्यंत ते उघडत नाही. हात दमलेला असो, माणूस नवा असो, रात्र असो, जोड तसाच होतो. डाखात कौशल्य कारागिराच्या मनगटात असतं, क्रिम्पमध्ये ते हत्यार बनवणाऱ्याने हत्यारात भरलेलं असतं. माझ्यासारख्या हात बसलेल्या माणसाला हे मान्य करायला जड गेलं. मला वाटायचं, दाबणं हे कोणीही करील, डाख मात्र माझाच. युद्धाला नेमकं तेच हवं होतं, की ते कोणालाही करता यावं.

म्हणून मी डाखावर डाख चढवला, याचं खरं कारण मजबुती नव्हतं. कारण माझ्या हाताची मिजास होती. व्यवस्थित दाबलेल्या जोडाला डाखाने काहीही मिळत नाही. उलट तापवल्याने दाब सैल पडू शकतो, आणि वर केबलची सळई होते ती वेगळीच. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं होतं, हे स्वयंपाकघरातसुद्धा खरं नाही.

आणखी एक धातू आला, ॲल्युमिनियम. तो स्वस्त आणि हलका, पण त्याच्यावर ऑक्साइडचा थर क्षणात परत येतो, त्यामुळे साधा डाख धरत नाही. मोठच्या अलीकडे परीछाचं औष्णिक वीज केंद्र १९८० च्या दशकात सुरू झालं. त्याच्या उंच मनोऱ्यांवरून अशा प्रकारच्या ज्या तारा जातात, त्या आतून पोलादी आणि बाहेरून ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांचा जोड करताना पोलादाला वेगळी नळी, ॲल्युमिनियमला वेगळी, आणि शंभर टनांच्या हायड्रॉलिक प्रेसने दाबतात. ओढीची नळी वेगळी, विजेची वेगळी. रेल्वेच्या खिडकीतून त्या तारा बघताना मला नेहमी आमच्या सरांचा ब्रिटानिया जॉइंट आठवतो.

मग डाख गेला का? मुळीच नाही. तुमच्या मोबाइलच्या आत, टीव्हीत, वायरलेस सेटच्या सर्किट बोर्डावर डाखच आहे. तिथे पार्ट जागचे हलत नाहीत आणि जोड सुईच्या टोकाएवढे असतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या हाताला आजही तोड नाही. प्रश्न कोण श्रेष्ठ हा नाहीच. प्रश्न एवढाच की या तारेचा शत्रू कोण. गंज, थरथर की ताप? जास्त करंट वाहणाऱ्या जागी डाखाला आणखी एक भीती असते. शॉर्ट सर्किट झालं आणि जोड १८३ अंशांपलीकडे तापला की डाख वितळतो आणि नेमकी गरज असते तेव्हा तार निसटते. म्हणून अर्थिंगची तार नुसत्या डाखावर सोडू नये.

घरी इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, मोटार असणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून थांबतो. निवृत्त मित्रांना त्या ठाऊक असतील, पण पोरांना सांगा.

स्क्रूखाली आवळायच्या तारेच्या टोकाला डाख देऊ नका. नीटनेटकं दिसतं, पण डाख मऊ असतो, दाबाखाली महिनोन्‌महिने थोडा थोडा सरकतो. स्क्रू आपोआप ढिला पडतो, जागा तापते आणि काळी पडते. तिथे फेरूल दाबून बसवा.

लग तारेच्या मापाचा घ्या आणि साचा लगच्या मापाचा. मोठ्या लगमध्ये तार दुमडून कोंबणं किंवा तारेच्या दोन-चार काड्या कापून ती लहान लगमध्ये बसवणं, दोन्ही फसवणूक आहे, आणि फसतो आपणच. पक्कडीने किंवा हातोडीने चेपलेला लग हा क्रिम्प नव्हे.

बॅटरीच्या केबलचा बिघाड शोधताना नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका. लोड टाकून मोजा. चोवीस व्होल्टने मला चाळीस मिनिटं फसवलं.

आणि चौथी गोष्ट. त्या संध्याकाळी सुभेदार साहेबांनी मला नवा लग दिला, टूल दिलं आणि समोर बसवलं. मी दाबला. इस्त्रीकडे हात गेला नाही. दाबून झाल्यावर साहेबांनी केबल एका हातात, लग दुसऱ्या हातात घेतला आणि जोर लावून ओढला. मग माझ्याकडे दिला. मीही ओढला. मग त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला.

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत आणि आता गावातल्या पोरांना शिकवतानाही माझा नियम एकच आहे. जोड दिसायला कसा आहे हे मी विचारत नाही. ओढून बघितला का, एवढंच विचारतो.